आमच्याकडून एक जोडी

"सिस्टर, आधी पडदा ओढा," मी म्हटलं. माझा हात कोपरापर्यंत टाकीत होता अन् जाळीत एंजल मासोळी होती. होती म्हणजे काय, निम्मी होती. लांब पंखायच्या चिंध्या झाल्या होत्या, शेपूट बुडापर्यंत कुरतडलं होतं, अन् ती अजून जित्ती होती. तेच वाईट. माझ्या पाठीमागं खाटांवर लेकरं हाताले सुया लावून बसली होती अन् सगळ्यायचे डोळे जाळीवर होते.

मेश्राम सिस्टरनं पडदा ओढला. टाकीच्या दुसऱ्या टोकाले दोन टायगर बार्ब फिरून राह्यले होते. पिवळं अंग, काळे पट्टे, अंगठ्याएवढी उंची अन् गुंडावाणी चाल. मी त्यायच्याकडं पाहून अशी शिवी दिली की सिस्टर म्हणाली, "ताई, लेकरं आहेत इथं."

माझा धंदा मासोळ्यायचा आहे. शोभेच्या मासोळ्या, तळायच्या नाही. हे पहिलेच सांगून टाकते, कारण बालाघाटात दुकान टाकून इतकी वर्षं झाली तरी लोक दारात उभं राहून "रोहू है क्या?" विचारतेत. मी झुऑलॉजी शिकली. टाकी बसवणं, तिचं पाणी सांभाळणं अन् कोणत्या मासोळीसंगं कोणती ठेवायची ते ठरवणं, हे माझं काम. यातलं शेवटचं सगळ्यात कठीण. मासोळीले काय पाहिजे ते मले समजते. गिऱ्हाईक डोक्यात काय भरून येते ते त्यालेच ठाऊक.

ही टाकी एका ट्रस्टच्या दवाखान्यात आहे, रक्त चढवायच्या खोलीत. आमच्या भागात सिकलसेल घरोघरी आहे. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतेत अन् अडकतेत, अंग दुखते, रक्त कमी होते. काही लेकरायले दर महिन्याले रक्त द्यावं लागते. बैहर, उकवा, मलाजखंडाकडून सकाळच्या बसनं मायबाप घेऊन येतेत, दिवसभर बसतेत, संध्याकाळी परत जातेत. त्या खोलीच्या इन्चार्ज मेश्राम सिस्टर. टाकीची कल्पना त्यायचीच.

"शीर सापडेपर्यंत लेकरू हात ओढते, ताई," त्यायनं मले पहिल्या दिवशी सांगितलं होतं. "ओढला की सुई हुकते. हुकली की पुन्हा टोचा. पुन्हा टोचलं की पुढच्या महिन्यात थे लेकरू दरवाज्यातूनच रडत येते. मासोळ्या पाहत बसलं तं हात सैल सोडते. मले एवढंच पाहिजे, बाकी काही नाही."

ट्रस्टचे सेक्रेटरी पटलेजी म्हणत होते की टीव्ही लावू. सिस्टर त्यावर भडकली होती. टीव्ही लावला की अटेंडंट रिमोट घेऊन बसते अन् बातम्या लावते, आरडाओरड्याच्या. त्यात लेकरू काय पाहणार? तिनं दोन मीटिंगा भांडून टाकी मंजूर करून घेतली. म्हणजे टाकी गेली तं गेलीच, पुन्हा तिचं कोणी ऐकणार नव्हतं, हे आम्हा दोघीले माहीत होतं.

मी पाणी तपासलं. बोअरचं, जड पाणी. गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसते तसलं. नियॉन टेट्रासारख्या नाजूक मासोळ्यायले नरम पाणी लागते, त्यायले इथं जमणार नव्हतं. उन्हाळ्यात लाईट गेली की एसी बंद, खोली तापते, तेही पाहावं लागते. म्हणून मी झेब्रा ठरवली. बोटाएवढी, चांदीच्या अंगावर निळ्या रेघा, दिवसभर पळत राहणारी. आपल्याच देशातल्या नदी-नाल्यातली जात आहे, जड पाणी अन् गर्मी दोन्ही सोसते. दहा-बारा झेब्रा एकदम टाकायच्या, त्या रुळल्या की तळाशी कोरी नावाच्या छोट्या मिशीवाल्या मासोळ्यायची दुसरी झुंड. बस. निरनिराळ्या जाती जिथं भांडण न करता राहतेत त्या टाकीले आम्ही कम्युनिटी टँक म्हणतो. तिचा पहिला नियम असा की जाती कमी घ्या अन् एका जातीच्या मासोळ्या जास्त घ्या.

काहून? तं या स्कूलिंग फिश आहेत. स्कूल म्हणजे शाळा नाही, झुंड. एका ट्रस्टीनं मले खरंच विचारलं होतं की मैडम, इनको ट्रेनिंग दी हुई है क्या. झुंडीतल्या मासोळीले चारी बाजूनं आपल्यासारख्याच मासोळ्या दिसल्या की बिनघोर वाटते. मंग ती मोकळ्या पाण्यात येते, रंग चढते, खाते, पिते. एकटी-दुकटी पडली की तिले वाटते आता आपल्याले कोणी गिळणार. काही जाती अशा वेळी दगडामागं लपून उपाशी मरतेत. काही जाती चिडतेत अन् जे दिसंल त्याले चावतेत. टायगर बार्ब या दुसऱ्या जातीतला. त्याले दहा भाऊ द्या, तो दिवसभर भावायशीच मस्ती करते, दुसऱ्याकडं पाहतही नाही. दोनच ठेवा, मंग पाहा तमाशा.

पटलेजीनं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, चहा पाजला. मी टाकी भरली, फिल्टर चालू केला, पाणी पिकू दिलं. नवीन पाण्यात मासोळीच्या घाणीचं विष तयार होते. ते खाणारे जंतू फिल्टरमधी वाढेपर्यंत थांबावं लागते, त्यालेच आम्ही पाणी पिकणं म्हणतो. पाणी पिकलं अन् मी माल आणाले नागपूरले गेली.

परत येऊन पाहते तं काय! टाकीले झेंडूची माळ, फिती कापलेल्या, पेढ्यायचा डबा रिकामा, अन् टाकीखाली पितळेची पाटी. पाटीवर दानदात्यायची नावं.

आमच्याकडं दवाखान्याले, धर्मशाळेले पंखा दिला तरी पात्यावर नाव लिहितेत. पंखा फिरू लागला की नाव वाचता येत नाही, तो भाग वेगळा. पटलेजीनं तेच मासोळ्यायच्या बाबतीत केलं. मोठ्या लोकायले फोन लावले की टाकीत आपलीही काही भेट असू द्या. अन् भेट म्हटली की आमच्या गावात जोडीच. एकटं काही देत नाहीत, बरं दिसत नाही. तं एका डेंटिस्टकडून एंजलची जोडी, एका सराफाकडून नियॉनची जोडी, कापडवाल्याकडून लाल नाकाच्या रमीनोजची जोडी, अजून कोणाची रोझी बार्बची जोडी. अन् कान्हाकडं ज्यायचं रिसॉर्ट आहे त्या भाऊसाहेबायनं खास जबलपूरहून मागवले टायगर बार्ब. दोन नग. काहून टायगर? तं "हमारा जिला तो बाघ का जिला है."

मासोळी नावावरून निवडली माणसानं! कपाळावर हात मारला मी.

मी तेव्हाच भांडली. पटलेजी हसून म्हणाले, "मैडम, सबने प्यार से दी हैं. रह लेंगी मिलजुल के." मी म्हटलं, यायले मिलजुल नाही समजत. ते म्हणाले, "देखते हैं."

पाहलं मंग सगळ्यायनं. पहिले नियॉन गेल्या. जड पाणी, झुंडीऐवजी दोघीच, लपायले जागा शोधता शोधता रंग उडाला अन् संपल्या. मंग रमीनोज. रोझी बार्बातला एक दुसऱ्याले धावता-धावता बेजार करून राह्यला होता, दुसरा एक दिवस फिल्टरले चिकटलेला सापडला. मी दर आठवड्याले सांगत होती की सगळं काढू द्या, अन् दर आठवड्याले एकच उत्तर: दानदात्यायले काय सांगू? एखादी मेली की पटलेजी गुपचूप दुसरी आणवत, तीही एक किंवा दोन. पाटीवरच्या नावाखाली मासोळी पाहिजे न!

त्या दिवशी पडद्यामागं एंजल बादलीत ठेवता-ठेवता मी सिस्टरले म्हटलं, "आता ही पण जाते, सांगून ठेवते."

सिस्टरनं पडद्याबाहेर एकदा पाहलं. मंग हळू आवाजात म्हणाली, "ताई, काल एक भानगड झाली. माह्यानंच झाली."

झालं असं होतं. मेलेली मासोळी सकाळी सिस्टरच काढे, लेकरं यायच्या आधी. पण काही लेकरं मासोळ्या ओळखत. विचारत, ती चपटी कुठं गेली? लाल नाकाची कुठं गेली? आता सिकलसेलच्या लेकरायले मरणाची गोष्ट कशी सांगावी? तं सिस्टर म्हणे, "तिचा डिस्चार्ज झाला." लेकरं खूश होत. दवाखान्यात डिस्चार्ज म्हणजे सगळ्यात गोड शब्द.

उकव्याची एक पोट्टी येते, रोशनी. बाप खदानीत कामाले आहे. पोट्टी हुशार, नजर बारीक. ती काल सकाळी लवकर आली. तिनं सिस्टरले रोझी बार्ब जाळीनं काढताना अन् पिवळ्या बकेटीत टाकताना पाहलं. पिवळी बकेट म्हणजे दवाखान्यातली, ज्यात रक्तानं भरलेला कापूस जाते ती. ती आपल्या खाटेवर जाऊन बसली. संध्याकाळी तिची रक्ताची पिशवी संपली, सिस्टरनं सुई काढली, गालाले हात लावून म्हटलं, "चल रोशनी, झाला तुझा डिस्चार्ज."

"पोट्टीनं खाटेची दांडी धरली, ताई," सिस्टर सांगून राह्यली होती. "सोडता सोडेना. 'मुझे नहीं होना डिस्चार्ज! मुझे नहीं होना!' अशी किंचाळली की वार्डातले सगळे धावले. माय रडे, काही समजेना. मंग तिनंच सांगितलं, 'मछली का भी किया था तुमने. बाल्टी में डाल दिया.' बाकीच्या लेकरायनंही ऐकलं. आज दोघं जण सुई लावाले तयारच नव्हते. एकाची माय म्हणते, जिथं मासोळ्याबी जगत नाहीत तिथं माह्यं लेकरू कसं ठेवू?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओला हात साडीले पुसला अन् एंजलची बादली उचलून सरळ पटलेजीच्या केबिनीत गेली. टेबलावर ठेवली बादली.

"ये क्या है?" ते मागं सरकले.

"ही डॉक्टरसाहेबायची जोडी. त्यातली एक. दुसरी कालच गेली."

"अरे, मैडम, हटाइए. खाना खा रहा हूँ."

"खा न. तिकडं टायगरनंही खाल्लं."

मी रोशनीची गोष्ट सांगितली. सगळी सांगितली, बकेटीसकट. मले वाटलं माणूस आहे, हलंल. पटलेजीनं पोळीचा तुकडा मोडला, अन् म्हणाले, "बच्चे हैं. भूल जाएँगे."

"पटलेजी, त्या लेकरायले दर महिन्याले यायचं आहे. जन्मभर यायचं आहे. तुम्ही भुलाल, ते नाही भुलत."

"तो आप ही बताइए, किसकी मछली निकालूँ? रिसॉर्टवाले भैया की? उन्होंने एंबुलेंस के लिए हाँ बोला है. नाराज हो गए तो आप दिलाएँगी एंबुलेंस?"

"एंबुलन्स वेगळी, मासोळी वेगळी!"

"आपके लिए होगी." आता त्यायचाही आवाज चढला. "मैडम, आप मछलीवाली हैं, मछली देखिए. ट्रस्ट मत चलाइए. और सच बताऊँ? ये टंकी ही झंझट है. अगली मीटिंग में सब दानदाता आ रहे हैं. उस दिन टंकी में सबकी जोड़ी दिखनी चाहिए, जिंदा. उसके बाद एक भी मरी तो टंकी बाहर, टीवी अंदर. सिस्टर को भी बोल दीजिए."

मले बोलता आलं असतं तं बहुत बोलली असती. पण रागानं माझी जीभच अडखळते, घरचे सगळे यावरून चिडवतेत. मी बादली उचलली अन् दरवाजा आदळून बाहेर आली. दरवाजाले हळू मिटणारं क्लोजर लावलेलं होतं, तो आदळलाही नाही.

पायरीवर बसून मी सिस्टरसमोर सगळा राग काढला. याले अक्कल नाही, त्याले लाज नाही, एकेकाच्या नावाची एकेक जात, अन् प्रत्येकाच्या दोन-दोन! टाकी आहे की लग्नाचा मंडप? नाही विकत मी आता यायले काही, टाकी उचलून नेते, मरो तिकडं.

सिस्टरनं मले बोलून घेऊ दिलं. मंग म्हणाली, "ताई, त्यायले जोडीच पाहिजे न?"

"हौ न! त्याचंच तं डोकं खाऊन राह्यलं मले."

"मंग देऊन टाका न जोडी. सगळ्यायले एकाच जातीची द्या. तुमची झेब्रा. पाच दानदात्यायच्या पाच जोड्या. दहा होतेत."

मी बोटावर मोजून पाहलं. एवढी झुऑलॉजी शिकून, इतके महिने भांडून, माझ्या डोक्यात हे नाही आलं. मी 'जोडी नको, जोडी नको' म्हणून भिंतीवर डोकं आपटत होती. दहा-बारा मासोळ्या म्हणजेच पाच-सहा जोड्या असतेत, हे तिनं बसल्या-बसल्या सांगितलं. मले हसूही आलं अन् रागही आला, स्वतःचाच.

पटलेजीले हे सांगायले सिस्टर गेली. मी नाही गेली, गेली असती तं पुन्हा भांडली असती. ते तयार झाले. त्यायले फक्त पाटी अन् जोडी पाहिजे होती, जात कोणती याच्याशी त्यायले काय घेणं? फक्त म्हणाले की रिसॉर्टवाल्या भैयाले मैडमनंच समजवावं.

लावला फोन.

"हमारा टायगर निकालोगे? क्यों भई?"

"भाऊसाहेब, तुमच्या टायगरनं डॉक्टरसाहेबायच्या एंजलची शेपटी खाल्ली."

तिकडून जोरात हसण्याचा आवाज आला. "टायगर है न!"

सांगा आता. काय करावं अशा माणसाचं? मी फोन कानापासून दूर धरला, एक श्वास घेतला, अन् त्यायच्याच भाषेत बोलली. म्हटलं, भाऊसाहेब, वाघ अस्पतालच्या टाकीत शोभत नाही. त्याले त्याचं राज्य पाहिजे. तुमच्या रिसॉर्टच्या रिसेप्शनले वेगळी टाकी, त्यात फक्त टायगर, दहा-बारा. पाहुणे जंगलात जातेत, कधी वाघ दिसते कधी नाही. तुमच्याकडं दारातच दिसंल. ही कल्पना त्यायले इतकी आवडली की तिथल्या तिथं हो म्हणाले. खरं तं टायगर बार्बले तेच पाहिजे होतं. माणूस चुकीच्या कारणानं का होईना, बरोबर वागला.

"पर अस्पताल में हमारी तरफ से?"

"झेब्राची जोडी."

"झेब्रा?" आवाज पडला. "वो तो शिकार होता है."

"पट्टे आहेत न, भाऊसाहेब."

"हाँ, वो तो है," ते म्हणाले. मी फोन ठेवला अन् दुकानात एकटीच ओरडली. शेजारचा मोबाईलवाला पाहाले आला.

मी टाकी रिकामी केली. टायगर माझ्या दुकानातल्या टायगरायच्या झुंडीत टाकले. पहिल्या दिवशी त्यायनं थोडी दादागिरी केली, बाकीच्यायनं त्यायलेच दाबलं, मंग सुतासारखे सरळ झाले. उरलेला रोझी बार्ब त्याच्या जातवाल्यायमधी गेला. एंजल मात्र बादलीतच मेली. तिले मी बकेटीत नाही टाकलं, घरी नेऊन जास्वंदीखाली पुरली. आता पुरून काय होते? काही नाही होत. पण मले तिले तिथं टाकता आलं नाही.

झेब्रा आणल्या त्या दिवशी पिशवी बंदच ठेवून टाकीत तरंगवली, पाण्याची गर्मी सारखी व्हावी म्हणून. मंग थोडं-थोडं टाकीतलं पाणी पिशवीत, अन् मंग जाळीनं सोडल्या. लेकरं सुयांसकट मान वाकडी करून पाहत होती. पहिले सगळ्या कोपऱ्यात गोळा झाल्या, एकमेकीले चिकटून, जशा काही हलणारच नाहीत. एक लेकरू म्हणालं, "ये भी डर गईं." मी म्हटलं, थांब. दिवा मंद केला, खोलीतलं कोणी काचेवर टकटक करू नका म्हटलं. रक्ताची अर्धी पिशवी उतरली असंल, तेवढ्यात एक पुढं आली, तिच्यामागं दुसरी, अन् मंग सगळ्या. टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकदम वळतेत, एकदम थांबतेत. खोलीत आवाज बंद. सिस्टरनं त्याच वेळी एका छोट्याले सुई लावली, त्याले समजलंच नाही.

मीटिंगच्या दिवशी दानदाते आले. टाकीसमोर रांग. अन् पहिला प्रश्न सराफायचा, "हमारी वाली कौन सी?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात सिस्टरनं माझा हात दाबला. "ती पाहा न, भाऊ. ती वळली ती. अन् तिच्यामागची."

"अच्छा, वो! बढ़िया है."

मंग डेंटिस्ट. "वो सबसे तेज वाली," सिस्टर म्हणाली. मंग कापडवाले. सगळ्यायले तिनं जी पुढं असंल ती दाखवली. सगळे खूश. भाऊसाहेब तं फोनमधी व्हिडिओ काढून "ये हमारी है" म्हणून पाठवत होते. मी भिंतीले टेकून दात-ओठ खाऊन राह्यली होती. नियॉन मेल्या तेव्हा यातलं एकही विचाराले आलं नव्हतं.

मंग व्हायचं ते झालंच. झेब्रा उडी मारणारी जात आहे. झाकण नीट लागलं पाहिजे हे मी सगळ्यायले सांगून ठेवलं होतं, लिहूनही लावलं होतं. कोणीतरी खाणं टाकलं अन् झाकण अर्धं उघडं ठेवलं. सकाळी एक झेब्रा टाकीमागं फरशीवर सापडली, वाळलेली. त्याच दिवशी रोशनीची तारीख होती. सिस्टरचा मले फोन आला. मी स्कूटी घेऊन निघाली. डोक्यात एकच होतं: गेली टाकी.

पोचली तेव्हा सिस्टर रोशनीच्या खाटेजवळ बसली होती. ती झेब्रा हातावर कागदात होती. लपवली नव्हती.

"मर गई?" रोशनीनं विचारलं.

"हौ," सिस्टर म्हणाली. "मेली. मी तुले मागं खोटं बोलली होती. डिस्चार्ज नव्हता तो. मेल्या होत्या. डिस्चार्ज म्हणजे घरी जाणं, बसमधी बसून, मायसंगं. मासोळीचा डिस्चार्ज नसते."

रोशनीनं कागद जवळ ओढून पाहला. मंग टाकीकडं पाहलं. बाकीच्या पळून राह्यल्या होत्या. "ये क्यों मरी?"

"झाकण उघडं राह्यलं. उडी मारली."

"तो बंद करो ना," पोट्टी अशी डाफरली जशी काही सिस्टरचीच माय. अन् हात पुढं केला, सुईसाठी. संध्याकाळी डिस्चार्ज म्हटल्यावर चप्पल घातली अन् चालू लागली, मायच्याही पुढं.

पण पटलेजीच्या कानावर बातमी गेलीच. त्या दिवशी दोन-तीन दानदाते काही कामानं आले होते. पटलेजी त्यायले घेऊनच खोलीत आले, एकदम साक्षीदार घेऊन आल्यावाणी.

"मैंने कहा था न, मैडम? एक भी मरी तो. अब बताइए, किसकी मरी?"

मी दानदात्यायकडं पाहलं. सराफ पुढं वाकले, टाकीत पाहलं, अन् म्हणाले, "हमारी तो है. वो देखो, घूम रही है."

"हमारी भी है," डेंटिस्ट म्हणाले. "वो तेज वाली."

पटलेजीनं तिथूनच भाऊसाहेबायले फोन लावला. स्पीकरवर. "टायगर की किस्मत वाली जोड़ी है हमारी, वो नहीं मर सकती," तिकडून आवाज आला. पटलेजी एकेकाले विचारत गेले. प्रत्येकाची जित्ती होती. मेलेली कोणाचीच नव्हती. पाटीवरच्या एकाही नावाखाली मासोळी कमी पडली नाही, तं टाकी कोणत्या तोंडानं काढणार?

"फिर ये किसकी थी?" पटलेजीनं कागदाकडं बोट दाखवलं.

"माझी," मी म्हटलं. "अन् पुन्हा झाकण उघडं दिसलं तं मी तुमच्या केबिनीत बादली घेऊन येईन. जेवणाच्या टायमाले."

ते निघून गेले. टाकी तिथंच आहे. त्या झेब्राच्या जागी मी दुसरी टाकली, अन् आता तळाशी कोरीचीही झुंड आहे. टीव्ही पटलेजीनं स्वतःच्या केबिनीत लावला.

माझा राग अजून गेला नाही, अन् जाऊही नये. मासोळी जित्ती असते तोपर्यंतच लोकायले ती 'हमारी' वाटते. यातून मी एकच धडा घेतला, अन् दुकानाच्या काचेवर चिकटवला: झेब्रा, नियॉन, टायगर, रमीनोज सहा नगायच्या खाली मिळणार नाही. तरी रोज कोणी ना कोणी येऊन म्हणतेच, "मैडम, बस एक जोड़ी दे दो." मी त्यायले सांगते, जोडी पाहिजे असंल तं समोर चपलेचं दुकान आहे.